काळा रंग पडद्यावर कोण टाकतो? : घरगुती प्रक्षेपकाची परीक्षा

पांढऱ्या पडद्यावर प्रोजेक्टरने, म्हणजेच प्रक्षेपकाने, कावळ्याचे चित्र टाकले तर मागचे आकाश निळे दिसते आणि कावळा काळा दिसतो. आकाशाच्या जागी निळा प्रकाश पडला, हे समजण्यासारखे आहे. पण कावळ्याच्या जागी प्रक्षेपकाने काय टाकले? काळा प्रकाश? काळा प्रकाश नावाची वस्तूच जगात नाही. काळे म्हणजे प्रकाशाचा अभाव. तेव्हा कावळ्याच्या जागी प्रक्षेपकाने काहीच टाकलेले नाही. मग दोन मिनिटांपूर्वी, प्रक्षेपक बंद असताना, पडद्याची तीच जागा पांढरी दिसत होती, ती आता काळी कशी दिसू लागली?

हा प्रश्न मनात ठेवा. घरी सिनेमा पाहण्यासाठी किंवा शाळेत चित्रे दाखवण्यासाठी मध्यम किमतीचा प्रक्षेपक घ्यायचा असेल, तर त्याची सगळी परीक्षा याच प्रश्नाभोवती फिरते. दुकानदार हा प्रश्न विचारत नाही. तो खोक्यावरचे आकडे दाखवतो. आकडे मोठे असतात, आणि मोठा आकडा म्हणजे चांगला प्रक्षेपक असे आपल्याला वाटते. या लेखात आपण ते आकडे एकेक करून तपासू. त्यासाठी लागणारे गणित तुम्हाला येते, आणि लागणारे उपकरण बहुधा घरातच आहे.

उदाहरणासाठी एक खरा प्रक्षेपक घेऊ. २०१२ च्या अखेरीस बेन्क्यू कंपनीचा 'डब्ल्यू १०७०' हा घरगुती प्रक्षेपक बाजारात आला आणि मध्यम किमतीच्या वर्गात बराच गाजला. त्याच्या माहितीपत्रकात मुख्य आकडे असे होते : प्रकाश २००० ल्युमेन, कॉन्ट्रास्ट १०,००० : १, चित्रबिंदू १९२० × १०८०. आज दुकानात दिसणाऱ्या कोणत्याही प्रक्षेपकावर याच तीन गोष्टींचे आकडे असतात. त्यामुळे एकाची परीक्षा जमली की सगळ्यांची जमेल.

आत काय असते?

प्रक्षेपकात मुख्य भाग तीन : प्रखर दिवा, चित्र तयार करणारी लहानशी चकती आणि ते चित्र मोठे करून पडद्यावर टाकणारे भिंग. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन 'शांबरिक खरोलिका' या नावाने काचेवर रंगवलेल्या चित्रांचे खेळ करीत. त्या यंत्राची मूळ रचनाही हीच होती. फरक फक्त मधल्या भागात पडला. रंगवलेल्या काचेच्या जागी आता विजेवर चालणारी चकती आली.

ही चकती दोन प्रकारची असते. पहिल्या प्रकारात द्रव-स्फटिकाच्या तीन छोट्या पट्ट्या असतात, एक लाल प्रकाशासाठी, एक हिरव्या आणि एक निळ्या. पट्टीतील प्रत्येक बिंदू प्रकाश कमीजास्त अडवतो. याला एलसीडी म्हणतात. दुसऱ्या प्रकारात नखाएवढ्या चकतीवर लाखो सूक्ष्म आरसे बसवलेले असतात. अमेरिकेतील टेक्सास इन्स्ट्रुमेन्ट्स या कंपनीत लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ मध्ये ही युक्ती शोधली. प्रत्येक आरसा बारा अंशांच्या आसपास एका बाजूला कलला की प्रकाश भिंगाकडे जातो. दुसऱ्या बाजूला कलला की प्रकाश बाजूच्या काळ्या भागावर जाऊन जिरतो. आरसे सेकंदाला हजारो वेळा कलतात. अर्धा वेळ इकडे आणि अर्धा वेळ तिकडे असेल, तर डोळ्याला करडा रंग दिसतो. डीएलपी म्हणतात ते हेच. आपल्या उदाहरणातला प्रक्षेपक याच जातीचा.

दोन्ही प्रकारांत एक गोष्ट समान आहे. प्रकाश पूर्णपणे अडत नाही. थोडा प्रकाश पट्टीतून गळतो किंवा आरशांच्या कडांवरून विखुरतो. म्हणून 'काहीच टाकू नको' असे सांगितले तरी प्रक्षेपक थोडेसे टाकतोच. हे 'थोडेसे' किती, ते पुढे पाहू.

पहिला आकडा : ल्युमेन

ल्युमेन हे दिव्यातून बाहेर पडणाऱ्या एकूण दृश्य प्रकाशाचे माप आहे. पण आपण प्रकाश पाहतो तो पडद्यावर पसरलेला. एक लिटर रंग लहान दारावर लावला तर जाड थर बसतो आणि मोठ्या भिंतीवर लावला तर पातळ. प्रकाशाचेही तसेच आहे. एक चौरस मीटरवर किती ल्युमेन पडले, त्याला प्रदीपन म्हणतात आणि ते लक्स या एककात मोजतात.

लक्स = ल्युमेन ÷ पडद्याचे क्षेत्रफळ (चौरस मीटर)

पडद्याचे माप कर्णाच्या इंचांत सांगण्याची पद्धत आहे. १०० इंची पडदा म्हणजे कर्ण १०० इंच, म्हणजे २.५४ मीटर. लांबी व उंचीचे प्रमाण १६ : ९ असेल तर पायथागोरसच्या प्रमेयावरून लांबी २.२१ मीटर आणि उंची १.२५ मीटर येते. क्षेत्रफळ सुमारे २.७६ चौरस मीटर. आता २००० ल्युमेनला २.७६ ने भागा. उत्तर ७२५ लक्स.

इतर मापांसाठी हाच हिशेब करून पाहा :

८० इंची पडदा – १.७६ चौ. मी. – सुमारे ११३० लक्स
१०० इंची पडदा – २.७६ चौ. मी. – सुमारे ७२५ लक्स
१२० इंची पडदा – ३.९७ चौ. मी. – सुमारे ५०४ लक्स
१५० इंची पडदा – ६.२० चौ. मी. – सुमारे ३२२ लक्स

कर्ण दुप्पट केला की क्षेत्रफळ चौपट होते आणि लक्स चौथाईवर येतात. 'जितका मोठा पडदा तितकी मजा' असे म्हणणाऱ्याने हे गणित आधी करावे.

७२५ लक्स हे कमी की जास्त? चित्रपटगृहात पांढऱ्या पडद्याची उजळता दर चौरस मीटरला ४८ कँडेला असावी, असे मानक आहे. साध्या, चकाकी नसलेल्या पांढऱ्या पडद्यावर लक्सला ३.१४ ने भागले की ही उजळता मिळते. ७२५ ला ३.१४ ने भागल्यास २३१ येतात, म्हणजे चित्रपटगृहाच्या जवळजवळ पाचपट. तेव्हा काळोख्या खोलीत २००० ल्युमेन पुरून उरतात. उजेड वाढवून मिळवण्यासारखे तेथे फारसे काही राहत नाही.

हा आकडा मोजतात कसा, हेही माहीत हवे. पूर्ण पांढरे चित्र पडद्यावर टाकतात. पडद्याचे तीन ओळी व तीन स्तंभ असे नऊ समान भाग करतात. प्रत्येक भागाच्या मध्यावर लक्स मोजून नवांची सरासरी काढतात आणि तिला क्षेत्रफळाने गुणतात. ही नऊ बिंदूंची पद्धत १९९२ च्या अमेरिकन मानकातली आहे. म्हणून अशा ल्युमेनला 'अ‍ॅन्सी ल्युमेन' म्हणतात. आंतरराष्ट्रीय मानकातही याच पद्धतीचा आधार घेतला आहे.

खोक्यावर नुसते 'ल्युमेन' लिहिले असेल, किंवा 'प्रकाशस्रोताचे ल्युमेन' असे लिहिले असेल, तर सावध व्हा. तो आकडा आतल्या दिव्याचा असू शकतो. दिव्यापासून पडद्यापर्यंत येताना आरसे, गाळण्या आणि भिंग यांत बराचसा प्रकाश नाहीसा होतो. विहिरीतले पाणी आणि शेतात पोचलेले पाणी हे दोन वेगळे आकडे आहेत. आपल्याला शेतातला हवा.

दुसरा आकडा : कॉन्ट्रास्ट

आता कावळ्याकडे परत येऊ. चित्रातील सर्वांत उजळ भागावर पडणारा प्रकाश भागिले सर्वांत काळ्या भागावर पडणारा प्रकाश, या गुणोत्तराला कॉन्ट्रास्ट म्हणतात. मराठीत आपण त्याला चित्राचा उठाव म्हणू. आपल्या प्रक्षेपकाचा कॉन्ट्रास्ट १०,००० : १ आहे. पांढऱ्या भागावर ७२५ लक्स असतील तर काळ्या भागावर सुमारे ०.०७ लक्स असायला हवेत. मघा म्हटलेले 'थोडेसे' ते हेच. पौर्णिमेच्या चांदण्यातसुद्धा यापेक्षा जास्त प्रकाश असतो.

हा आकडा माहितीपत्रकातला आहे. पण तो पूर्ण काळोखात आणि एकदा पूर्ण पांढरे, एकदा पूर्ण काळे चित्र टाकून काढलेला आहे. तुमच्या खोलीत खिडकी आहे, दिवा आहे, पांढरी भिंत आहे. खोलीतला उजेड पडद्यावर सगळीकडे सारखाच पडतो, आकाशावर आणि कावळ्यावरही. म्हणून तो अंशात मिळवावा लागतो आणि छेदातही :

खरा कॉन्ट्रास्ट = (चित्राचा पांढरा + खोलीतला उजेड) ÷ (चित्राचा काळा + खोलीतला उजेड)

खोलीतील ट्यूबलाइट लावली तर पडद्यावर १०० लक्स सहज पडतात. मग पांढऱ्यावर ८२५ आणि काळ्यावर १००.०७ लक्स. भागाकार करा : ८. दहा हजारांचे आठ झाले! मोठ्या संख्येत लहान संख्या मिळवली तर ती फारशी हलत नाही, पण नगण्य संख्येत १०० मिळवले तर सारेच बदलते.

१०० इंची पडदा आणि २००० ल्युमेन कायम ठेवून फक्त खोलीतला उजेड बदलत गेलो तर असे दिसते :

खोलीतला उजेड १०० लक्स – कॉन्ट्रास्ट सुमारे ८ : १
खोलीतला उजेड १० लक्स – कॉन्ट्रास्ट सुमारे ७३ : १
खोलीतला उजेड १ लक्स – कॉन्ट्रास्ट सुमारे ६७७ : १
उजेड मुळीच नाही – कॉन्ट्रास्ट १०,००० : १

किती कॉन्ट्रास्ट पुरेसा? अमेरिकेत २०११ मध्ये दृक्‌श्राव्य क्षेत्रातील तज्ज्ञांनी यासाठी एक मानक ठरवले. नुसते नजर टाकण्यापुरते चित्र असेल तर ७ : १, मजकूर वाचून समजून घ्यायचा असेल तर १५ : १, आकृतीतले बारकावे पाहायचे असतील तर ५० : १ आणि चलच्चित्र नीट पाहायचे तर ८० : १. आता वरचा तक्ता पुन्हा वाचा. ट्यूबलाइट चालू ठेवून आपला प्रक्षेपक जेमतेम पहिल्या पायरीवर उभा राहतो. वर्गात खिडक्या उघड्या ठेवून जीवशास्त्राची आकृती दाखवली की मागच्या बाकावरच्या मुलाला पेशीभित्ती दिसत नाही. त्याचे डोळे अधू नसतात आणि यंत्रही बिघडलेले नसते. काळ्या रेषांवर खिडकीचा उजेड बसलेला असतो.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, दुप्पट ल्युमेनचा, म्हणजे बराच महाग प्रक्षेपक आणणे. ४००० ल्युमेनचे १४५० लक्स होतात. (१४५० + १००) भागिले १०० म्हणजे सुमारे साडेपंधरा. आठाचे साडेपंधरा झाले. दुसरा उपाय, जाड पडदे लावून आणि पडद्याजवळचा दिवा बंद करून खोलीतला उजेड १०० वरून १० लक्सवर आणणे. प्रक्षेपक तोच, पण कॉन्ट्रास्ट ७३. थोडा मोठा प्रक्षेपक आणि जाड कापडाचा पडदा यांची किंमत शेजारी शेजारी लिहून पाहा. जत्रेतला तंबूतला सिनेमा सूर्य मावळल्यावरच का सुरू होई, याचे उत्तरही या भागाकारात आहे.

म्हणून पडद्यावरचा काळा रंग कोण टाकतो, याचे उत्तर असे : तो तुमची खोली टाकते. खोली जितकी काळोखी, तितका कावळा काळा.

डोळ्याची फसगत

तरीही एक शंका उरते. १०० लक्स उजेडाच्या खोलीत कावळ्याच्या जागी १०० लक्सच आहेत. प्रक्षेपक बंद असताना तेथे तेवढेच होते. तेव्हा ती जागा पांढरी दिसे, आणि आता काळपट दिसते. प्रकाश तोच, रंग वेगळा. असे का?

आपला डोळा लक्स मोजत नाही, तो तुलना करतो. शेजारची जागा आठपट उजळ झाली की तीच जागा त्याला काळपट वाटते. खात्री करून घ्यायची असेल तर हा प्रयोग करा. जाड कागदाची सुमारे ३० सेंटीमीटर लांब, अरुंद नळी करा. तिला आतून काळा कागद लावा. पडद्यावर काळ्या-पांढऱ्या चौकटींचे चित्र टाका. एक डोळा मिटून दुसऱ्याने नळीतून फक्त एक काळी चौकट पाहा, पांढऱ्याची कडही दिसू देऊ नका. काळी म्हणून पाहिलेली चौकट राखाडी, कधी कधी चक्क पांढुरकी दिसेल. नळी बाजूला केली की ती पुन्हा काळी!

या प्रयोगातल्या चौकटींना आणखी एक उपयोग आहे. चार ओळी व चार स्तंभ अशा सोळा चौकटी, आठ काळ्या आणि आठ पांढऱ्या, टाकून पांढऱ्यांची सरासरी भागिले काळ्यांची सरासरी काढतात. याला 'अ‍ॅन्सी कॉन्ट्रास्ट' म्हणतात. तो खोक्यावरच्या आकड्यापेक्षा खूपच कमी येतो, कारण पांढऱ्या चौकटींचा प्रकाश भिंगात आणि खोलीच्या भिंतींवर आपटून काळ्या चौकटींवर परत येतो. खिडक्या बंद असल्या तरी पांढऱ्या भिंती व पांढरे छत चित्रावर चित्राचाच उजेड टाकतात. म्हणून चित्रपटगृहाच्या भिंती गडद रंगाच्या असतात.

तिसरा आकडा : चित्रबिंदू

१९२० × १०८० म्हणजे २०,७३,६०० चित्रबिंदू. आज दुकानात '४के' हा शब्द ऐकू येतो, तो ३८४० × २१६०, म्हणजे चौपट, ८२,९४,४०० बिंदूंचा. मध्यम किमतीच्या अनेक ४के प्रक्षेपकांत चकतीवर एवढे बिंदू नसतात. चकतीचे चित्र अर्ध्या बिंदूने इकडे-तिकडे झटपट सरकवून जास्त बिंदूंचा परिणाम साधतात. परिणाम खरा असतो, पण त्याचा लाभ तुमच्या डोळ्याला होईल का, हे बैठकीच्या अंतरावर ठरते.

निरोगी डोळा साधारणतः एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढ्या कोनात असलेले दोन बिंदू वेगळे ओळखतो. १ मिलिमीटर लांबी ३.४ मीटर अंतरावरून बरोबर एक कला भरते. १०० इंची पडद्याची लांबी २२१४ मिलिमीटर. तिला १९२० ने भागले की एका बिंदूची रुंदी १.१५ मिलिमीटर येते. तो बिंदू ३.४ × १.१५, म्हणजे सुमारे ४ मीटरच्या पलीकडून वेगळा दिसणार नाही. ४के चा बिंदू ०.५८ मिलिमीटरचा, आणि त्याची मर्यादा सुमारे २ मीटर.

निष्कर्ष सरळ आहे. १०० इंची पडद्यापासून तुम्ही २ ते ४ मीटरवर बसणार असाल तर जास्त बिंदूंचा फायदा दिसेल. ४ मीटरच्या मागे बसणार असाल तर त्यासाठी दिलेले पैसे डोळ्यापर्यंत पोचणार नाहीत. आधी खोली मोजा, मग बिंदू मोजा.

न छापलेले आकडे

काही गोष्टी खोक्यावर ठळक लिहिलेल्या नसतात. त्या विचाराव्या लागतात.

रंग : एकाच चकतीच्या डीएलपी प्रक्षेपकात दिव्यासमोर रंगीत काचांचे चाक फिरते. लाल, हिरवी आणि निळी चित्रे एकामागून एक पडतात आणि डोळा ती एकत्र करतो. काही प्रक्षेपकांत या चाकावर एक पारदर्शक भागही असतो. त्याने पांढरा रंग खूप उजळ होतो आणि ल्युमेनचा आकडा फुगतो, पण लाल फूल किंवा हिरवे शेत तेवढे उजळत नाही. आपल्या उदाहरणातल्या यंत्रात चाकावर लाल, हिरवा, निळा हे तीनच रंग दोनदा घेतले होते. याची परीक्षा तुम्हाला करता येते. पूर्ण लाल, पूर्ण हिरवे आणि पूर्ण निळे चित्र टाकून प्रत्येकाचे लक्स मोजा व बेरीज करा. मग पूर्ण पांढरे टाकून मोजा. दोन्ही जवळजवळ सारखे आले तर रंगांना न्याय मिळतो आहे. पांढऱ्याचा आकडा बेरजेपेक्षा बराच मोठा आला तर खोक्यावरचे ल्युमेन रंगीत चित्रासाठी खरे धरू नका.

दिवा : अनेक प्रक्षेपकांत उच्च दाबाचा पाऱ्याचा दिवा असतो. त्याचे आयुष्य काही हजार तास सांगतात. येथे 'आयुष्य' म्हणजे दिवा विझेपर्यंतचा काळ नव्हे, तर उजेड निम्मा होईपर्यंतचा काळ. ३५०० तासांचा दिवा रोज दोन तास लावला तर १७५० दिवस, म्हणजे पावणेपाच वर्षे चालेल. पण अखेरीस ७२५ लक्सचे ३६२ उरतील. एलईडी आणि लेसर स्रोतांचे आयुष्य बहुधा वीस हजार तासांच्या घरात सांगितले जाते. नवा दिवा केवढ्याला मिळतो, हे प्रक्षेपक घेण्यापूर्वीच विचारा.

जागा : प्रक्षेपक पडद्यापासून किती अंतरावर ठेवावा लागेल? अंतर भागिले पडद्याची लांबी हे गुणोत्तर माहितीपत्रकात असते. ते १.५ असेल तर २.२१ मीटर लांबीच्या पडद्यासाठी ३.३ मीटर अंतर हवे. प्रक्षेपक तिरका ठेवला की चित्र एका बाजूला रुंद होते. ते बटण दाबून चौकोनी करता येते, पण त्यात कडेचे बिंदू वाया जातात. शक्यतो यंत्रच सरळ ठेवावे.

तुम्ही स्वतः मोजा

बहुतेक अँड्रॉइड मोबाइलमध्ये पुढच्या बाजूला प्रकाश मोजणारा संवेदक असतो, आणि लक्स दाखवणारी अ‍ॅप फुकट मिळतात. मोबाइलचा आकडा प्रयोगशाळेतल्या मापकाइतका भरवशाचा नसतो. पण एकाच मोबाइलने घेतलेल्या दोन मापांची तुलना पुष्कळ उपयोगी पडते. शिक्षकांच्या मदतीने शाळेतल्या प्रक्षेपकावर पुढील मापे घ्या :

१. प्रक्षेपक बंद. मोबाइल पडद्याला टेकवून, त्याचे तोंड खोलीकडे ठेवून, लक्स वाचा. हा खोलीतला उजेड. खिडक्या उघड्या, खिडक्या बंद, दिवे चालू, दिवे बंद अशा चारही स्थितींत घ्या.

२. पूर्ण पांढरे चित्र. नऊ भागांच्या मध्यावर लक्स घ्या. तुमची सावली मोबाइलवर पडू देऊ नका. बाजूला उभे राहून हात लांब करा. प्रत्येक मापातून खोलीतला उजेड वजा करा. सरासरी गुणिले क्षेत्रफळ म्हणजे खरे ल्युमेन.

३. त्याच नऊ मापांतून कोपऱ्याचे माप भागिले मध्याचे माप काढा. उजेड किती समान पसरतो, ते कळेल.

४. पूर्ण काळे चित्र. मध्यावर माप घ्या. पांढरे भागिले काळे म्हणजे तुमच्या खोलीतला खरा कॉन्ट्रास्ट. तो चारही स्थितींत काढून तक्ता करा.

मोजताना तीन पथ्ये पाळा. भिंगात डोळा लावून कधीही पाहू नका. त्या प्रकाशाने डोळ्याला इजा होते. पंख्याची जाळी झाकू नका. दिवा फुटला तर त्यात पारा असतो, तेव्हा हात न लावता शिक्षकांना सांगा आणि खिडक्या उघडा.

शिक्षकांसाठी एक सूचना. हा तक्ता वर्गाच्या भिंतीवर लावावा. कोणत्या खिडकीला पडदा हवा आणि कोणता दिवा बंद करावा, हे मुलेच आकड्यांवरून ठरवतील. शाळेने नवा प्रक्षेपक घेण्याचे ठरवले असेल तर निर्णयापूर्वी हा तक्ता मुख्याध्यापकांपुढे ठेवावा.

स्वाध्याय

१. पडदा २ मीटर लांब आणि १.५ मीटर उंच आहे. प्रक्षेपक ३००० ल्युमेनचा आहे. पडद्यावर किती लक्स पडतील?

२. वरच्याच पडद्यावर खोलीतला उजेड ६० लक्स आहे. मजकूर वाचण्यासाठी १५ : १ कॉन्ट्रास्ट हवा. किमान किती ल्युमेनचा प्रक्षेपक लागेल? (प्रक्षेपकाचा स्वतःचा काळा शून्य धरा.)

३. पडदे लावून उजेड २० लक्सवर आणला, तर तेवढ्याच कॉन्ट्रास्टसाठी किती ल्युमेन पुरतील?

४. पांढऱ्याऐवजी राखाडी पडदा लावला, तर खिडकीतून येणाऱ्या उजेडातला कॉन्ट्रास्ट सुधारेल का? आणि खोलीच्या पांढऱ्या भिंतींवरून परत येणाऱ्या उजेडाचे काय होईल? दोन्ही उत्तरे वेगळी आहेत. का, ते विचार करून लिहा.

उत्तरे : (१) १००० लक्स. (२) २५२० ल्युमेन. (३) ८४० ल्युमेन. चौथ्याचे उत्तर प्रयोग करून तुम्हीच शोधा.